लसणाच्या मुलखात लसूण सोडताना: एलिमिनेशन डाएट पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही आणि डाएटिशियन पण नाही. जळगावला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, आणि पोटाने सहा-सात वर्षं छळ छळ छळलं म्हणून हे सगळं करून बसले. सकाळी घातलेल्या सलवारची नाडी संध्याकाळी सैल करावी लागायची इतकं पोट फुगायचं, मधेच दिवसात चारदा पळायला लागायचं, मधेच दोन दिवस काहीच नाही. घरचं निदान ठरलेलं होतं, "पित्त आहे". माझं स्वतःचं निदान होतं दूध. कारण रोज साडेपाचला ऑफिसातला चहा घेतला की सहाला पोट ढोल. म्हणून मी दोन वर्षं कोरा चहा प्यायले, तोंड वाकडं करून, आणि पोट होतं तसंच. दूध नव्हतंच ते. काय होतं ते पुढे येईल, पण आत्ता एवढं लक्षात ठेवा की आपण अंदाजाने जे सोडतो ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

हे डाएट म्हणजे नक्की काय

वजन कमी करायचं डाएट नाही हे. ही तपासणी आहे. संशयित पदार्थ थोडे दिवस पूर्ण बंद करायचे, त्रास कमी होतो का बघायचं, आणि मग एकेक पदार्थ परत आणून कोण चोर ते पकडायचं. कल्पना जुनी आहे, अमेरिकेत अल्बर्ट रो नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात अ‍ॅलर्जीच्या पेशंटसाठी असली डाएट्स बनवली होती. आता पोटाच्या त्रासासाठी, म्हणजे ज्याला डॉक्टर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणतात त्यासाठी, जे जास्त वापरतात ते लो फॉडमॅप. ते ऑस्ट्रेलियातलं, मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतलं, आणि फॉडमॅप हा शब्द २००५ मध्ये पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी आणला. मी केलं ते हेच, त्यामुळे पुढचं सगळं याच्याबद्दल आहे.

फॉडमॅप म्हणजे काही जातीच्या साखरा आणि कर्बोदकं जी लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. कांदा, लसूण आणि गव्हात असतं फ्रुक्टन, ते तोडायचं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाहीच, कोणाच्याच नाही. तूर, हरभरा, राजमा यातलं पण तसंच. मग ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात जातं, तिथले बॅक्टेरिया त्याच्यावर तुटून पडतात आणि गॅस होतो, शिवाय काही साखरा आतड्यात पाणी ओढून घेतात. आता प्रश्न येतो की घरात सगळे तीच भाजी खातात, मग त्यांना का नाही होत? तर गॅस सगळ्यांनाच होतो, पण आयबीएसवाल्यांच्या आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात, तेवढ्याच गॅसने आपल्याला कळ येते आणि नवऱ्याला पत्ताही लागत नाही. हे सासूबाईंना समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझं आतडं पण तुझ्यासारखंच रागीट." असो.

सुरू करायच्या आधी, आणि हे स्किप करू नका

आधी डॉक्टर. शौचात रक्त, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, ताप, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर असणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यातलं काहीही असेल तर डाएट-बिएट सगळं बाजूला ठेवून पहिले तपासणी.

दुसरं, गहू सोडायच्या आधी सिलिअॅकची रक्ततपासणी करून घ्या, टीटीजी-आयजीए म्हणतात तिला. सिलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं नुकसान होणारा आजार, आणि ही टेस्ट तुम्ही गहू खात असतानाच बरोबर येते. महिनाभर पोळी बंद करून मग टेस्ट केली तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि मग डॉक्टर सांगणार परत काही आठवडे रोज गहू खा आणि या. माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं, ती आधी उत्साहात पोळी सोडून बसली होती.

तिसरं, ते शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारे आयजीजी (रक्तातली एक अँटीबॉडी) मोजणारे महागडे पॅकेज असतात ना, रक्त द्या आणि कशाची इनटॉलरन्स आहे, म्हणजे कुठला पदार्थ सोसत नाही, ते सांगतो वाले, त्यात पैसे घालू नका. मी घातले. आयजीजी वाढलेलं दिसणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच, युरोपातल्या अ‍ॅलर्जी डॉक्टरांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की अन्नाची इनटॉलरन्स शोधायला ही टेस्ट वापरू नका. माझ्या रिपोर्टमध्ये तांदूळ आणि शेंगदाणे लाल रंगात आले होते आणि लसूण हिरव्यात, हसावं का रडावं.

आणि ज्यांनी हे स्वतःच्या मनाने करूच नये ते: गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, आधीच काटकुळे, इन्सुलिनवर असलेले, आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलंय ते. खरी अ‍ॅलर्जी, म्हणजे शेंगदाणा खाल्ला की ओठ सुजतात किंवा दम लागतो अशी, त्यांचा तर विषयच वेगळा, तो पदार्थ घरी "ट्राय" करून बघायचा नाही म्हणजे नाहीच.

कधी सुरू करायचं

खान्देशात याला मुहूर्त सापडत नाही, खरं सांगते. दिवाळीनंतर भरताच्या पार्ट्या सुरू होतात आणि संक्रांतीच्या पुढेपर्यंत दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या शेतात बोलावणं असतं. मग लग्नसराई, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट, ते तर घरच्यांनीच संपवायचे असतात, मी नाही खात म्हणायची सोय नाही. मग पितर, नवरात्र, परत दिवाळी. आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना तर पोट असंही ठिकाणावर नसतं, तेव्हा केलेल्या टेस्टचा काय भरवसा.

मी फेब्रुवारीत सुरू केलं. आधी एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहून काढलं: काय खाल्लं, किती वाजता, किती, आणि त्रास ० ते १० मध्ये किती, शौच कसं, झोप किती, पाळीची तारीख. साधी वही, दुकानातल्या हिशोबाच्या वहीसारखी. पाळीची तारीख महत्त्वाची आहे बरं का, पाळीच्या आसपास आयबीएस असाही बिघडतो आणि मग उगाच त्या दिवशीच्या भाजीवर आळ येतो.

या वहीनेच पहिला धक्का दिला. फॉडमॅपचा गॅस बनायला वेळ लागतो, खाल्लेलं मोठ्या आतड्यात पोचायला काही तास जातात, कधी त्रास दुसऱ्या दिवशी पण दिसतो. म्हणजे संध्याकाळी सहाला पोट फुगलं तर साडेपाचच्या चहाला धरू नका, दुपारच्या डब्याला धरा. माझ्या डब्यात दीड वाजता काय असायचं, तर लसणाची फोडणी घातलेली भाजी, वर लसणाची चटणी, आणि तुरीचं वरण. बिचारा चहा.

काय काढायचं, काय खायचं

बंद करायचा काळ २ ते ६ आठवडे, त्याच्या पुढे नाही. मी ४ आठवडे केलं.

बंद: कांदा, लसूण (पावडर पण), गहू आणि मैदा-रवा, तूर, हरभरा, बेसन, राजमा, वाटाणा, उडीद, दूध, ताक, दही, खवा, आइस्क्रीम, आंबा, सफरचंद, टरबूज, मध, फुलकोबी, मशरूम, काजू, पिस्ता, आणि शुगर-फ्री च्युइंगम ज्यात सॉर्बिटॉल असतं.

म्हणजे आपल्याकडचं बघा: शेवभाजी गेली, कारण शेव बेसनाची आणि रस्सा कांदा-लसणाचा. पातोड्यांची भाजी गेली, त्या पण बेसनाच्याच. फौजदारी डाळ गेली. कळण्याची भाकरी गेली, कारण कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो. रात्रीची तुरीच्या डाळीची खिचडी गेली, ती तर मला वाटतं आपल्याकडे आठवड्यातून चारदा असते. पोह्यांवरची शेव पण गेली, आणि ही मी दुसऱ्याच दिवशी विसरून खाल्ली.

घाबरू नका, राहतं पण भरपूर. ज्वारीची साधी भाकरी चालते, आणि नुसत्या या एका गोष्टीसाठी खान्देशात जन्मल्याचे उपकार माना, पुण्याची माझी जाऊ गव्हाला पर्याय शोधत अर्धा किलो कसल्या कसल्या पिठाचे दोनशे-तीनशे रुपये मोजत होती. भात, पोहे, बटाटा, वांगं, भेंडी, गाजर, काकडी, पालक, टोमॅटो बेताने, अंडी, मासे, चिकन, शेंगदाणे, तीळ, तेल, आणि तूप. तुपात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जवळपास नसतंच म्हणून दूध बंद असलं तरी तूप चालतं. मुगाची डाळ थोडी, म्हणजे शिजलेली पाव वाटीच. फळात संत्री, पपई, अननस. आणि केळी. केळीचं गंमतशीर आहे, रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळी सोडायची म्हणजे काय, पण केळी सोडायची नसते, नुसती निवडायची असते: सालीवर थोडी हिरवट झाक असलेलं घट्ट केळं चालतं, ठिपके पडलेलं गोड मऊ केळं नाही, कारण पिकताना त्यातलं फ्रुक्टन वाढतं. घरात उलटं असतं, ठिपकेवालं संपवायची जबाबदारी नेहमी घरातल्या बाईवर. ती आता दुसऱ्याला द्या.

मात्रा बघा, फक्त नाव बघू नका. हा मुद्दा नवीन लोकांना कळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चालणारा पदार्थ पण ताटभर खाल्ला तर चालत नाही, आणि दोन-तीन "थोडं चालतं" वाले पदार्थ एकाच जेवणात आले की त्यांची बेरीज होते. मोनॅशचं एक अ‍ॅप आहे, पैसे देऊन घ्यावं लागतं, त्यात हिरवा-पिवळा-लाल असं किती ग्रॅमला काय ते दिलंय, आपले बरेच पदार्थ पण आहेत. मला तरी पैसे वसूल वाटले.

एक चूक मी केली ती सांगते. "ग्लुटेन-फ्री" असं लिहिलेलं दिसलं की आनंदाने घेऊन यायचे. ग्लुटेन-फ्री पाकिटात बेसन असतं, मध असतो, कांदा पावडर असते. आपला विषय ग्लुटेन नाही. आणि पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचना पण पुरी पडत नाही, त्यात गहू, दूध, सोया, शेंगदाणा वगैरे सांगायची सक्ती आहे, कांदा-लसूण त्या यादीत नाही, ते "मसाले" या एका शब्दात लपून बसू शकतात. म्हणून महिनाभर तयार मसाला नको. काळा मसाला घरचा असला तरी त्यात कांदा भाजून घातला होता का ते आठवून बघा, आमच्यात होता. मी धने, जिरं, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी आणि नंदुरबारची मिरची भाजून वेगळा छोटा डबा करून ठेवला. हिंगाचं पण सांगते, डबीतला बांधीव हिंग बहुतेक मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मळलेला असतो, चिमूटभराने फॉडमॅपवाल्यांना काही होत नाही पण सिलिअॅकवाल्यांनी जपावं.

लसणाशिवाय लसूण

आता ही युक्ती, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. म्हणजे रश्श्यात लसूण टाकला आणि खाताना पाकळ्या काढून टाकल्या तर उपयोग शून्य, ते सगळं रश्श्यात उतरलेलं असतं. पण तेलात लसूण मंद आचेवर लाल होईपर्यंत तळला, गाळून पाकळ्या काढून टाकल्या, तर तेलात वास आणि चव येते, फ्रुक्टन येत नाही. हे तेल फोडणीला. फक्त करून लगेच वापरायचं, आणि उरलंच तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, बस. लसूण घातलेलं तेल ओट्यावर तसंच ठेवू नका, त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, ते विष जीवघेणं असतं आणि वासावरून कळत पण नाही.

कांद्याचं तसंच, पातीचा फक्त हिरवा भाग घ्या, खालचा पांढरा नको.

आणि हे दोन्ही जमलं की काय होतं माहितीये? भरीत होतं. वांगं चालतंच, आपलं हिरवं-पांढरं भरताचं वांगं (त्याला आणि आपल्या केळीला दोघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय) कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, बडगीत (लाकडी भांड्यात) मिरचीबरोबर ठेचायचं, शेंगदाणे, कोथिंबीर, पातीचा हिरवा भाग, आणि वरून कडकडीत लसणाचं तेल. कळण्याच्या जागी ज्वारीची भाकरी. तिसऱ्या आठवड्यात हे खाल्लं तेव्हा मला खरंच रडू आलं होतं, नवरा म्हणे मिरची जास्त झाली का.

मिरचीवरून आठवलं. तिखट आणि तेलकटाने पण पोट बिघडतं, त्याचा फॉडमॅपशी संबंध नाही, पण टेस्टमध्ये घोळ होतो. म्हणून महिनाभर तिखट एका पातळीवर ठेवा. एका दिवशी गोडं आणि दुसऱ्या दिवशी झणझणीत असं करू नका, नाहीतर वहीत काय लिहायचं तेच कळणार नाही.

एका घरात दोन स्वयंपाक कसे नाही करायचे

मी नोकरी करते, सहा माणसांचं घर, दोन भाज्या रोज करणं शक्यच नव्हतं. मी केलं असं, की भाजी जिरं-मोहरी-हिंगावर सगळ्यांची एकत्र, शिजली की माझी वाटी बाजूला काढायची, आणि मग छोट्या कढल्यात कांदा-लसणाची चरचरीत फोडणी करून उरलेल्या भाजीवर ओतायची. पाच मिनिटं जास्त लागतात. वरणाच्या ऐवजी मला शेंगदाण्याची आमटी किंवा अंडं. सकाळी पोहे बिना कांद्याचे, बटाटा घालून. डब्यात भाकरी आणि भेंडी किंवा वांगं, चटणी शेंगदाण्याची बिनलसणाची. रात्री मूठभर मुगाच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल आणि पापड, ज्वारीच्या बिबड्यात लसूण असतो तेव्हा तो नाही, तांदळाचा.

अडलं तर उपासाचं खा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा यात कांदा-लसूण-गहू काही नसतं, गावाला गेलं की हे कुठेही मिळतं.

हॉटेलात "जैन" सांगितलं की कांदा-लसूण टळतो, जळगावात सगळ्यांना कळतं. पण जैन ग्रेव्ही काजू आणि मलईत बनवतात, आणि काजू आपल्या बंद यादीत आहे, म्हणून ग्रेव्ही नको, साधी जिरा-बटाट्याची सुकी भाजी आणि भात सांगा.

नातेवाईक हे वेगळं प्रकरण आहे. मावशी पारोळ्याची, ती ताटात वाढतच म्हणते, "खाय व माय, काय व्हस?" आणि डाएट आहे म्हटलं की तिला राग येतो, तिला वाटतं मी बारीक व्हायला करतेय. मग मला आजी आठवली. आजी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडायची, कांदेनवमीला शेवटची कांद्याची भजी, आणि मग चार महिने कोणी तिला एकदाही म्हटलं नाही की थोडं खा, काय होतं. कारण तो नेम होता. तेव्हापासून मी "डाएट" शब्दच काढत नाही, "महिनाभर नेम आहे" एवढंच सांगते. खोटं पण नाही ते. मावशीने स्वतःहून भाकरी आणि बटाट्याची भाजी केली आणि वर विचारलं की कोणत्या देवाचा.

पहिल्या दोन आठवड्यांत

पहिले चार-पाच दिवस भूक लागत राहते आणि डोकं भणभणतं, निदान माझं झालं, चहा एकदम कमी केल्याने असेल. भाकरी जास्त खा, तूप घ्या, शेंगदाण्याचा डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. वजन उतरायला लागलं तर तुम्ही पुरेसं खात नाही. गहू आणि डाळी गेल्या की फायबर कमी होतं आणि पोट साफ होत नाही, त्याला पालेभाजी, संत्री आणि पाणी. चुकून काही खाल्लं तर परत पहिल्या दिवसापासून सुरू करायचं नसतं, वहीत लिहा आणि पुढच्या जेवणापासून चालू ठेवा.

४ आठवड्यांनी, फार तर ६, काहीच फरक नसेल तर थांबा. सगळ्यांना फरक पडत नाही. तुमचा त्रास फॉडमॅपचा नाही एवढं कळलं, ते घेऊन परत डॉक्टरकडे जा, अजून कडक करत बसू नका. मला साधारण दहाव्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन लक्षात आलं की नाडीला हातच लावला नाही.

परत आणणं, म्हणजे खरं काम इथून सुरू

इथेच बहुतेक लोक पळ काढतात. बरं वाटायला लागतं, मग कोण कशाला परत त्रास ओढवून घेईल, म्हणून तसेच कडक डाएटवर महिनोन्महिने राहतात. असं करू नका. ज्या पदार्थांनी गॅस होतो त्यांच्यावरच आतड्यातले चांगले बॅक्टेरिया जगतात, फार दिवस बंद ठेवले की बायफिडोबॅक्टेरिया कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय. आणि मनाने पण माणूस घाबरट होतो, लग्नाला जाणं टाळतो, कोणाच्या घरचं पाणी पण संशयाने पितो. माझी एक ओळखीची दोन वर्षं भात-बटाट्यावर आहे आणि तिला अजून माहिती नाही की तिला नक्की कशाने होतं.

पद्धत अशी. बाकी सगळं डाएट तसंच कडक ठेवायचं आणि त्यात एकच पदार्थ, तीन दिवस, वाढत्या मात्रेत. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी आपण एरवी जेवढा खातो तेवढा. त्रास झाला की तिथेच थांबा, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मग २-३ दिवस परत साधं, पोट शांत होईपर्यंत, आणि मग पुढचा पदार्थ. पास झालेला पदार्थ पण लगेच चालू करायचा नाही, सगळ्या टेस्ट संपेपर्यंत बाहेरच ठेवायचा, नाहीतर बेरीज होऊन दुसऱ्याच्या टेस्टचा निकाल बिघडतो. हे ऐकायला जाचक वाटतं आणि आहेच, ६ ते ८ आठवडे जातात.

प्रत्येक गटाचा असा पदार्थ निवडा ज्यात फक्त तोच गट असेल. दुधासाठी नुसतं दूध, पाव कप, अर्धा, एक, खीर नाही. गव्हासाठी साधी पोळी, एक, दोन, तीन. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा वेगळा, लसणाच्या दिवशी नाही, दोघांतही फ्रुक्टन असलं तरी माणसामाणसाला वेगळं बाधतं. डाळीसाठी तुरीचं घट्ट वरण दोन चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी, आणि त्याला फोडणी साधी, लसणाची फोडणी देऊन डाळीची टेस्ट करणारी मी पहिली नसेन. फुलकोबी, आंबा हे शेवटी. पाळीच्या आठवड्यात, परीक्षेच्या किंवा मार्च एंडिंगच्या गडबडीत टेस्ट नको, मी ३० मार्चला कांदा टेस्ट केला होता आणि तो नंतर परत करावा लागला.

पहिली टेस्ट मी दुधाची केली, कारण त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता. पाव कप, काही नाही. अर्धा कप, काही नाही. तिसऱ्या दिवशी पूर्ण कपभर पिऊन रात्रभर वाट बघत बसले. काही नाही. दोन वर्षांचा कोरा चहा. पोळीला दोनपर्यंत काही नाही, तिसरीला थोडं. कांदा शिजवलेला थोडा चालतो, कच्चा नाही. तूर पाव वाटीपर्यंत, आणि डाळ आदल्या रात्री भिजवून ते पाणी फेकून शिजवली तर अर्धी वाटी पण, कारण बाधणारं बरंच त्या पाण्यात निघून जातं. आणि लसूण: अर्धी पाकळी, दुपारी दीडला, संध्याकाळी सहाला नाडी.

आता रोजचं कसं चालतं

सकाळ-संध्याकाळ दुधाचा चहा, भरपूर दुधाचा. पोळ्या दोन, बाकी भाकरी. शेवभाजी महिन्यातून एकदा घरी करते, लसणाच्या तेलावर आणि कांदा कमी करून, शेव मूठभरच. बाहेरची खायचीच असेल तर शनिवारी रात्री खाते म्हणजे रविवारी घरी आहे. लसूण तीन-चार महिन्यांनी परत टेस्ट करते, कारण सहनशक्ती बदलते असं म्हणतात, आणि गेल्या वेळी पाव पाकळीला काही झालं नाही, अर्धीला झालं.

भरताच्या पार्टीला आता जाते. शेतात भरीत मोठ्या बडगीत होतं आणि लसूण त्यातच ठेचला जातो, म्हणून लसूण पडायच्या आधी माझं एक वांगं वेगळं काढायला सांगते, सकाळी केलेल्या लसणाच्या तेलाची छोटी बाटली सोबत नेते आणि ज्वारीच्या दोन भाकरी फडक्यात बांधून. गेल्या डिसेंबरात दिराने ते तेल स्वतःच्या भरतावर ओतून घेतलं आणि बाटली संपवली, तर आता दोन बाटल्या न्याव्या लागतात.